जघबूबचा वेढा



दुसऱ्या महायुद्धातल्या वाळवंटी लढायांवर बोलायला कुणी उभं राहिलं की काही नावं आपण गृहीतच धरतो. टोब्रुक येणार, एल अलामेन येणार, रोमेल आणि मॉन्टगोमेरी येणार. आज ही नावं फार कमी येतील. आज मी तुम्हाला एका अशा गावी नेणार आहे, जिथे मार्च 1941मध्ये ऑस्ट्रेलियन आणि इटालियन सैनिक एकमेकांशी संगिनी लावून लढले, पण महायुद्धाच्या निकालात त्याने तसूभरही फरक पडला नाही. गावाचं नाव जघबूब. इटालियन लोक त्याला जाराबुब म्हणत, आणि ऑस्ट्रेलियन युद्धेतिहासातही ते त्याच नावाने नोंदलेलं आहे.

ज्या लढाईने निकालात फरक पडला नाही तिच्यावर एक संध्याकाळ का खर्च करायची? हा प्रश्न तुमच्या मनात येणं रास्त आहे. माझं उत्तर असं. लढाईचं मोल केवळ निकालावर ठरवलं, तर तिच्यातून माणसं गळून पडतात. सर्वांत आधी गळतात ती ज्यांच्या भूमीवर ती लढली गेली ती माणसं. मग गळतात हरलेले. आणि शेवटी जिंकलेले साधे सैनिकही गळतात. उरतात ते फक्त सेनापती आणि बाण काढलेले नकाशे. जघबूबची लढाई एवढी लहान आहे की तिच्यातला माणूस अजून दिसतो. म्हणून हा विषय.

आधी जागा समजून घेऊ. मागे नकाशा लावला आहे. भूमध्य समुद्राच्या काठावर जिथे इजिप्त आणि लिबिया यांची हद्द सुरू होते, तिथून सरळ दक्षिणेला उतरा. सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आत गेलात की जमीन एका खोलगट भागात उतरते. उत्तरेला कड्यासारखा उंचवटा, खाली खजुराची झाडं, खाऱ्या पाण्याची दलदल, आणि दक्षिणेला नजर पोहोचेल तिथवर वाळूच्या टेकड्या. हे जघबूब. पूर्वेला, इजिप्तच्या हद्दीत, शंभरेक किलोमीटरवर सिवा हे दुसरं ओॲसिस. सिकंदर देवाचा कौल घ्यायला वाळवंट तुडवत आला होता, ते हेच सिवा. सिवातले झरे गोड. जघबूबचं पाणी मात्र मचूळ, पिणाऱ्याला त्रास देणारं.

अशा जागी माणसं राहायला का जातील? आणि दोन सैन्यं तिच्यासाठी का लढतील?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका विद्वानाकडे जातं. अल्जीरियात जन्मलेले मोहम्मद बिन अली अस-सनूसी हे धर्माभ्यासक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जघबूबला येऊन राहिले. फेझ, कैरो, मक्का अशी विद्येची केंद्रं त्यांनी पाहिली होती. त्यांनी स्थापन केलेला सनूसी पंथ वाळवंटातल्या टोळ्यांमध्ये पसरला तो त्यांच्या 'झाविया'मुळे. एकाच आवारात मशीद, शाळा, वाटसरूंसाठी निवारा आणि शेती, म्हणजे झाविया. टोळ्यांची भांडणं तिथे मिटत, मुलं तिथे शिकत, तांडे तिथे विसावत. जघबूब हे या सगळ्या झावियांचं मूळ पीठ झालं. तिथे ग्रंथालय उभं राहिलं, दूरदूरचे विद्यार्थी आले. 1859मध्ये सनूसी वारले आणि त्यांची कबर तिथेच बांधली गेली. पाऊस न पडणाऱ्या प्रदेशात, मचूळ पाण्यावर, केवळ विद्येच्या आणि श्रद्धेच्या जोरावर एक विद्यापीठ चालत होतं, ही गोष्ट मला त्या लढाईइतकीच मोठी वाटते. तिथे शिकलेला एक विद्यार्थी तुम्हाला ठाऊक असेल. उमर अल-मुख्तार.

1911मध्ये इटलीने लिबियावर स्वारी केली. किनारा हाती आला, वाळवंट आलं नाही. सनूसींनी वीस वर्षं झुंज दिली. जघबूब तेव्हा इजिप्तच्या बाजूला धरलं जाई. 1925 सालच्या करारात इजिप्तने ते इटलीला देऊन टाकलं आणि 1926च्या फेब्रुवारीत इटालियन फौज तिथे शिरली. गावातल्या माणसांना कुणी विचारलं का? नाही विचारलं. कैरो आणि रोम यांच्यात कागदावर सह्या झाल्या आणि एका पंथाचं पवित्र स्थान एका देशातून दुसऱ्या देशात गेलं.

पुढे जनरल ग्राझियानी आला. पूर्व लिबियातल्या, म्हणजे सायरेनेकातल्या, सुमारे एक लाख माणसांना त्याने गुराढोरांसह उठवून छावण्यांत कोंडलं. त्यांतली हजारो माणसं भुकेने आणि रोगाने मेली. बंडखोरांना इजिप्तकडून दाणागोटा मिळू नये म्हणून 1931मध्ये हद्दीवर काटेरी तारेचं कुंपण घातलं गेलं. ते समुद्रकाठापासून निघून जघबूबच्या परिसरापर्यंत गेलं होतं. सुमारे 270 किलोमीटर काटेरी तार! त्याच वर्षी 16 सप्टेंबरला सत्तरीतल्या उमर मुख्तारला सुलूकच्या छावणीत, कोंडलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत फाशी दिलं.

श्रोतेहो, हे सगळं मी लढाईच्या आधी मुद्दाम सांगतो आहे. कारण नेहमीच्या पुस्तकांत जघबूबची गोष्ट डिसेंबर 1940मध्ये सुरू होते आणि तिथे एक किल्लेबंद ओॲसिस, एक इटालियन शिबंदी आणि वेढा घालणारे ऑस्ट्रेलियन एवढंच दिसतं. ती कबर, ती शाळा, ती तार आणि त्या छावण्या यांतलं काहीच दिसत नाही.

आता महायुद्धाकडे वळू. 10 जून 1940 रोजी इटली युद्धात उतरली. सप्टेंबरमध्ये तोच ग्राझियानी इजिप्तमध्ये शिरला आणि सिदी बर्रानीपाशी थांबला. 9 डिसेंबरला ब्रिटिशांनी प्रतिहल्ला चढवला आणि त्या हल्ल्यात आपली चौथी इंडियन डिव्हिजन आघाडीला होती. इटालियन सैन्य मागे रेटलं गेलं. त्यानंतर सहावी ऑस्ट्रेलियन डिव्हिजन पुढे आली. जानेवारीच्या 3 ते 5 तारखांना तिने बार्दिया घेतलं, त्याच महिन्यात टोब्रुक घेतलं. फेब्रुवारीत बेडा फोम इथे इटालियन दहाव्या सैन्याचा शेवट झाला. दोन महिन्यांत सव्वा लाखाहून अधिक कैदी! या आकड्यामुळेच जगात एक समज पसरला की इटालियन सैनिक लढतच नाही, हात वर करतो. या समजाकडे मी पुन्हा येणार आहे.

ही सगळी धामधूम समुद्रकाठाने चालली होती. त्याच वेळी खूप आत, वाळवंटात, जघबूबच्या शिबंदीची वाट बंद होत होती.

सहाव्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनच्या घोडदळ रेजिमेंटची एक तुकडी डिसेंबरमध्ये सिवाला पोहोचली. नावात घोडदळ असलं तरी घोडे नव्हते. पट्ट्यांवर चालणाऱ्या, वरून उघड्या, हलक्या चिलखती गाड्या होत्या. ही माणसं सगळी स्वेच्छेने भरती झालेली, कारण सागरापार गेलेलं ऑस्ट्रेलियाचं ते सैन्यच स्वयंसेवकांचं होतं. 11 डिसेंबरला त्यांनी हद्दीवरच्या एका इटालियन चौकीवर हल्ला केला. त्या युद्धात ऑस्ट्रेलियन पायदळाने वा चिलखती तुकड्यांनी झाडलेल्या अगदी पहिल्या गोळ्यांत या गोळ्या मोडतात. बार्दियाची लढाई त्यानंतर तीन आठवड्यांनी झाली. बार्दिया मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली.

हद्दीवरच्या चौक्या सोडून इटालियन जघबूबमध्ये एकवटले. आत साधारण दोन हजार माणसं होती. त्यांत इटालियन सुमारे तेराशे-चौदाशे आणि उरलेले लिबियन. त्यांचा किल्लेदार होता मेजर साल्वातोरे कास्तान्या. बाहेर ऑस्ट्रेलियन रेजिमेंट संख्येने त्याच्याहून कितीतरी लहान. तिच्याजवळ तोफा जवळजवळ नाहीत, खंदकांवर चाल करून जायला पायदळ नाही. म्हणजे आतल्यांना बाहेर पडता येत नव्हतं, बाहेरच्यांना आत शिरता येत नव्हतं. गस्त घालायची, एखाद्या चौकीवर रात्री छापा मारायचा, रसदीची वाट अडवून धरायची आणि वाट पाहायची. वर इटालियन विमानं घिरट्या घालत. उघड्या वाळवंटात त्या गाड्यांना लपायला झुडूपही नाही. तीन महिने असे गेले.

वेढ्यात पहिल्यांदा काय संपतं? माणसाला वाटतं दारूगोळा. दारूगोळा नाही, आधी धान्य संपतं. सुरुवातीला शिबंदीला विमानाने रसद मिळत होती. जानेवारीनंतर ती आटत गेली. किनाऱ्यावरचं बेनगाझी पडल्यावर तर जवळात जवळची मोठी इटालियन फौज शेकडो किलोमीटर दूर गेली. सुटकेला कुणी येण्याची शक्यता उरली नाही. शिधा कमी होत गेला. लिबियन सैनिक हळूहळू निसटू लागले. कुणी वाळवंटात निघून गेले, कुणी ऑस्ट्रेलियन चौक्यांपाशी येऊन स्वाधीन झाले.

या लिबियन सैनिकांपाशी मला थोडं थांबायचं आहे. त्यांच्याविषयी पुस्तकांत एखादं वाक्य सापडतं, बहुधा 'पळून गेले' एवढंच. विचार करा. दहा वर्षांपूर्वी ज्या राजवटीने या देशातली माणसं छावण्यांत कोंडली, त्याच राजवटीचा गणवेश घालून ही माणसं बंदूक घेऊन पहाऱ्याला उभी होती. आणि उभी कुठे होती? सनूसींच्या कबरीच्या गावात. पोटासाठी भरती झालेल्या माणसाकडून आपण कोणत्या निष्ठेची अपेक्षा करायची? तिकडे इजिप्तमध्ये ऑगस्ट 1940पासून सनूसींचे प्रमुख इद्रिस यांच्या मदतीने ब्रिटिश एक लिबियन अरब फौज उभी करत होते. म्हणजे एकाच देशाची मुलं दोन्ही बाजूंना होती. आणि या इद्रिस यांचा जन्म कुठला? जघबूबचाच. जे निसटले त्यांना मी पळपुटे म्हणणार नाही. ती लढाई त्यांची नव्हती.

आणि जे इटालियन उरले त्यांचं काय?

मी मघाशी म्हटलं की इटालियन सैनिक लढतच नाही असा समज पसरला होता. तो समज आजही आपल्याकडे गप्पांत ऐकू येतो. तो खोटा आहे, आणि जघबूब त्याचा पुरावा आहे. उत्तरेकडे सगळं सैन्य कोसळलं आहे हे कास्तान्याला ठाऊक होतं. त्याच्यावर विमानांतून शरणागतीची आवाहनं टाकली गेली. सन्मानाने शस्त्रं ठेवायची संधी त्याच्यापुढे एकदा नव्हे, अनेकदा आली. त्याने ती घेतली नाही. अर्ध्या पोटावर राहणारी, पाण्याने आजारी पडणारी, घरचं पत्र न मिळणारी माणसं मार्चपर्यंत आपापल्या मोर्चांत उभी राहिली. बार्दियात ज्यांनी हात वर केले ती माणसं वेगळ्या मातीची होती का? मुळीच नाही. तेच गणवेश, त्याच बंदुका, तीच गावं. फरक होता तो त्यांना कोण चालवतो आहे याचा. इटालियन सैनिकाला रणगाडे जुने मिळाले, मोटारी अपुऱ्या मिळाल्या, आणि बरेचसे वरचे अधिकारी त्याच्या खंदकापासून फार दूर राहिले. जघबूबला किल्लेदार खंदकातच होता. एवढा एकच फरक, पण केवढा मोठा!

कास्तान्याचं कौतुक करताना मी एक गोष्ट मात्र विसरत नाही. तो ज्या झेंड्यासाठी लढला त्या झेंड्याने या प्रदेशावर काय केलं ते मी आत्ताच सांगितलं. सैनिकाचं शौर्य आणि त्याच्या सत्तेचा गुन्हा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. इतिहासाच्या अभ्यासकाने एकीसाठी दुसरी झाकू नये, असं मला फार तीव्रतेने वाटतं.

मार्च उजाडला. आता ब्रिटिशांना घाई का झाली? तीन महिने थांबले, आणखी एक महिना थांबले असते तर शिबंदी उपासमारीनेच खाली आली असती. पण कैरोतल्या ब्रिटिश मुख्यालयात वेगळीच गणितं चालली होती. ग्रीसला फौज पाठवायचं ठरलं होतं. प्रत्येक पलटण, प्रत्येक ट्रक हवा होता. सिवापाशी अडकून पडलेली तुकडी आणि तिला रसद पुरवणाऱ्या गाड्या मोकळ्या करायच्या होत्या. म्हणून अठराव्या ऑस्ट्रेलियन ब्रिगेडला हुकूम सुटला, जघबूब घ्या आणि लवकर परत या.

या ब्रिगेडचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. ती ऑस्ट्रेलियाहून निघाली मध्यपूर्वेसाठी. वाटेत फ्रान्स कोसळू लागलं म्हणून तिला इंग्लंडकडे वळवलं. 1940चा उन्हाळा, जर्मन स्वारीची भीती, बॉम्बवर्षाव हे सगळं तिने तिथे पाहिलं. वर्ष संपताना ती इजिप्तला आली. अजून एकही लढाई नाही. बार्दिया, टोब्रुक घेणारे त्यांचेच देशबांधव वर्तमानपत्रांत झळकत होते, आणि ही माणसं कवायत करत होती. त्यांचा ब्रिगेडियर जॉर्ज वूटन हा पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पहिल्या दिवशी उतरलेला जुना सैनिक. दोन युद्धांच्या मधल्या काळात त्याने वकिली केली होती.

वूटनला काय दिलं होतं? आणि काय दिलं नव्हतं? रणगाडे दिले नव्हते. विमानांचा आधार नव्हता. इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या मेर्सा मत्रूहपासून सिवापर्यंत तीनशे किलोमीटरची वाट, पुढे जघबूबपर्यंत वाळू; एवढ्या लांब पाणी, पेट्रोल, तोफगोळे न्यायला ट्रक मोजकेच. त्यामुळे पूर्ण ब्रिगेड नेताच आली नाही. एक पलटण, दुसऱ्या पलटणीतली एक कंपनी, घोडदळ रेजिमेंट आणि ब्रिटिश तोफखान्याची एक बॅटरी, एवढ्यावर भागवायचं. ती पलटण म्हणजे क्वीन्सलँडच्या मुलांची 2/9वी. सोबतची कंपनी साउथ ऑस्ट्रेलियाच्या 2/10वीची.

आता वूटनची अडचण लक्षात घ्या. उत्तरेकडून गेलं तर कड्यावरून खाली उघड्यावर उतरायचं, तोफांच्या टप्प्यात. दक्षिणेकडे गावाच्या डोक्यावर काही टेकड्या आहेत. ऑस्ट्रेलियन कागदांत त्यांना तम्मा म्हटलं आहे. त्या टेकड्या ज्याच्या हातात, गाव त्याच्या हातात. पण दक्षिणेची वाट दलदलीची आणि भुसभुशीत वाळूची. गाड्या रुतणार, माणसांना तोफगोळे खांद्यावर न्यावे लागणार. वूटनने दक्षिणच निवडली. मला हा निर्णय त्या लढाईतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. सोपी वाट शत्रूलाही सोपी असते हे त्याने ओळखलं, आणि हाताशी माणसं थोडी असताना ती वाया घालवायची नाहीत हेही त्याने ओळखलं.

19 मार्चला पुढे सरकायला सुरुवात झाली. 20 तारखेला बाहेरच्या काही चौक्या हाती आल्या. त्या रात्री वारा सुटला. वाळवंटातला वाळूचा वारा काय असतो हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला कळणं कठीण. हात पुढे धरला तरी दिसत नाही. डोळे, नाक, तोंड, बंदुकीचा खटका, सगळीकडे वाळू. थंडी कडाक्याची. त्या रात्री क्वीन्सलँडची मुलं मोर्चांच्या अगदी समोर, उघड्यावर पडून होती. जेवण नाही, झोप नाही. समोरच्या खंदकांत इटालियनही जागेच होते, तेही उपाशी. दोन्हीकडची माणसं एकच वाळू खात होती.

21 मार्चला पहाटे तोफा सुरू झाल्या आणि हल्ला निघाला. वादळ थांबलेलं नव्हतं. त्यामुळे गोंधळ उडाला, अंतरं चुकली, दिशा चुकल्या. पण त्याच वादळाने चाल करून येणाऱ्यांना झाकलंही. मग जे झालं त्याला डावपेच म्हणता येणार नाही. एकेक मोर्चा, एकेक खड्डा, हातबॉम्ब आणि संगीन. इटालियन मशीनगनवाले जागचे हलले नाहीत. बरेच जण आपल्या मशीनगनपाशीच मेले. काही तासांत टेकड्या पडल्या. टेकड्या पडल्या आणि गावाचं भवितव्य ठरलं. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियन जघबूबमध्ये शिरले. कास्तान्या जखमी अवस्थेत पकडला गेला.

हिशोब असा. ऑस्ट्रेलियन 17 ठार, 77 जखमी. इटालियन बाजूला सुमारे अडीचशे ठार, सुमारे तेराशे कैद. बार्दियाच्या मानाने हे आकडे लहान आहेत. पण सतरा म्हणजे सतरा घरं. आणि अडीचशे म्हणजे अडीचशे घरं. त्या घरांना कुणी सांगावं की ही लढाई लहान होती?

या सगळ्याची छायाचित्रं आहेत, हे फार थोड्यांना माहीत आहे. फ्रँक हर्ली तिथे होता. अंटार्क्टिकात शॅकल्टनचं जहाज बर्फात चिरडलं गेलं तेव्हा काचेच्या निगेटिव्ह वाचवणारा हा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार. पहिल्या महायुद्धातला चिखल त्याने टिपला होता. दुसऱ्यात, पन्नाशी ओलांडल्यावर, तो जघबूबच्या वाळूत कॅमेरा घेऊन उभा होता.

21 मार्चनंतर काय झालं? तीन दिवसांनी, 24 मार्चला, जर्मन सेनापती रोमेलने लिबियातलं एल अघेला घेतलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बेनगाझी गेलं. ऑस्ट्रेलियनांनी हिवाळ्यात जिंकलेला बहुतेक सगळा प्रदेश दोन आठवड्यांत हातचा गेला. जघबूबहून परतलेली अठरावी ब्रिगेड ग्रीसला गेलीच नाही. तिला समुद्रमार्गे घाईने टोब्रुकला नेलं, आणि ऑगस्टपर्यंत ती तिथे वेढ्यात होती. काल वेढा घालणारे आज वेढ्यात! तीच ब्रिगेड 1942मध्ये न्यू गिनीत मिल्ने बेला जपान्यांना अडवायला उभी राहिली. तिथे 2/9व्या पलटणीचा कॉर्पोरल जॉन फ्रेंच पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बुनाच्या दलदलीत या पलटणीची अक्षरशः चाळण झाली.

मग जघबूबची लढाई व्यर्थ होती का? ज्या ग्रीसच्या मोहिमेसाठी ती घाईने लढली गेली, त्या मोहिमेला ही ब्रिगेड उपयोगी पडली नाही. जे गाव घेतलं त्याची महिन्याभरात कुणाला आठवण उरली नाही. थांबले असते तर ती सतरा माणसं आणि ते अडीचशे इटालियन कदाचित वाचले असते. माझं स्पष्ट मत आहे की हा हल्ला टाळता आला असता. वूटनने आणि त्याच्या माणसांनी आपलं काम चोख केलं. ते काम त्यांना द्यायलाच नको होतं. शूर माणसांच्या हातून अनावश्यक लढाई लढवून घेतली जाते, तेव्हा त्या शौर्याने त्या हुकुमाचा दोष पुसला जात नाही.

आता आठवणीविषयी. इटलीत जघबूब फार गाजलं. मुसोलिनीच्या राजवटीला त्या हिवाळ्यात दाखवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. त्यावर गाणं झालं, घरोघरी म्हटलं गेलं. 1942मध्ये गोफ्रेदो अलेस्सान्द्रिनीने 'जाराबुब' नावाचा चित्रपट काढला. उपाशी माणसांच्या हट्टाचं त्या राजवटीने जाहिरातीचं भांडवल केलं. ज्यांनी त्यांना तिथे रसदीविना सोडलं, त्यांनीच त्यांच्या नावाने टाळ्या घेतल्या. ऑस्ट्रेलियाने गाजावाजा केला नाही, पण लिहून ठेवलं. गॅव्हिन लाँग यांच्या अधिकृत युद्धेतिहासाच्या पहिल्या खंडात, 'टू बेनगाझी'मध्ये, या वेढ्याची तपशीलवार हकीकत आहे. पलटणींच्या रोजनिश्या कॅनबेरात जपल्या आहेत. कोणत्या कंपनीने कोणता मोर्चा कधी घेतला हे आज तिसरी-चौथी पिढी वाचू शकते.

आणि लिबिया? जानेवारी 1942मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ईडन यांनी संसदेत शब्द दिला की सायरेनेकातले सनूसी पुन्हा कधी इटलीच्या अमलाखाली जाणार नाहीत. तो शब्द पाळला गेला. डिसेंबर 1951मध्ये जघबूबचे इद्रिस स्वतंत्र लिबियाचे राजे झाले. 1969मध्ये गद्दाफीने त्यांना पदच्युत केलं, आणि 1984मध्ये जघबूबचं ते सनूसी विद्यापीठ बंद पाडलं. विद्यार्थी गेले, ग्रंथ गेले. दोन परकी सैन्यं ज्या गावासाठी लढली त्या गावाची शाळा अखेर त्याच देशाच्या राज्यकर्त्याने मोडली.

श्रोतेहो, हे सगळं मराठी सभागृहात सांगायचं आणखी एक कारण आहे. क्वीन्सलँडची मुलं जघबूबच्या टेकड्यांसमोर वाळूत पडून होती, त्याच आठवड्यात, आफ्रिकेच्या पूर्व भागात एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान याच इटालियन सैन्याशी झुंजत होते. 15 मार्चच्या रात्री डोलोगोरोडॉक किल्ल्याच्या चढावर तिसरी मराठा पलटण चढली. उभा कातळ, वरून मशीनगन. तिथेही इटालियन कडवेपणाने लढले; केरेन पडायला 27 मार्च उजाडला. इटालियन लढत नाही असं जे म्हणतात त्यांनी केरेनहून परतलेल्या एखाद्या हवालदाराला विचारायला हवं होतं. आता विचारायची वेळ निघून गेली.

ऑस्ट्रेलियाने आपल्या सतरा माणसांची हकीकत जपली. केरेनला गेलेल्या साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, रत्नागिरीच्या माणसांची हकीकत आपल्या भाषेत किती ठिकाणी सापडते? पलटणीच्या इतिहासात अधिकाऱ्यांची नावं आहेत, लढायांच्या तारखा आहेत. पण त्या शिपायाचं गाव, त्याचं घर, तो परत आल्यावर काय बोलला, काय बोलला नाही, हे कुठे आहे? ते आपल्या घरांत आहे, आणि दर वर्षी थोडं थोडं नाहीसं होतं आहे.

म्हणून शेवटी एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांचं, पणजोबांचं 'आफ्रिका स्टार' पदक ट्रंकेत पडलं असेल, पेन्शनचा कागद असेल, एखादं पत्र वा फोटो असेल, तर तो बाहेर काढा. मागच्या बाजूला नाव, गाव, पलटण आणि साल लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जे आठवतं ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात आणि एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.